आधी सँपल, मग लॉट: स्टार्टअपची शिस्त शहराला लागू पडते का?

केंद्र सरकारने २५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी मिशन जाहीर केलं आणि शंभर शहरं निवडायचं ठरलं. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर, ठाणे अशी नावं आली. कोल्हापूर नव्हतं. सोलापूर आहे आणि आपण नाही, हे तेव्हा गावाला चांगलंच झोंबलं. ३१ मार्च २०२५ ला मिशनची मुदत संपली. आज मागे वळून बघताना मला त्या वगळण्यात एक सोय दिसते. पाच वर्षांत केंद्राचे पाचशे कोटी खर्ची टाकायचे आहेत अशी घाई आपल्यामागे नव्हती. त्या शंभर शहरांनी काय केलं आणि काय करायचं राहिलं, हे आपल्याला फुकटात बघायला मिळालं.

मिशनची रचना कागदावर चांगली होती. एका शहराला पाच वर्षांत केंद्राकडून ५०० कोटी मिळायचे, तेवढेच राज्य आणि महापालिका मिळून घालायचे. कामासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची, तिच्यात राज्य आणि महापालिका निम्मेनिम्मे भागीदार. या कंपनीला ‘एसपीव्ही’ म्हणतात. हेतू असा की महापालिकेच्या फायलींच्या चालीनं काम चालू नये, सीईओ असावा, संचालक मंडळ असावं, निर्णय चटकन व्हावेत. देशभरात आठ हजारांहून जास्त प्रकल्प हाती घेतले गेले, एकूण किंमत सुमारे १.६४ लाख कोटी रुपये. प्रत्येक शहरात सीसीटीव्ही आणि मोठ्या पडद्यांची कमांड सेंटर उभी राहिली. काही रस्ते खरोखर चालण्याजोगे झाले. पण कंपनीचा फक्त साचा आला, नव्या कंपनीची सवय आली नाही. सीईओ बहुतेक ठिकाणी प्रतिनियुक्तीवरचे अधिकारी, त्यांची बदली ठरलेली, आणि यश मोजायचं ते किती टक्के निधी खर्च झाला यावर.

मग ही नव्या कंपनीची सवय म्हणजे नेमकं काय?

स्टार्टअप म्हणजे ॲप काढणारी पोरं, असा आपला समज असतो. अमेरिकेतले उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांची व्याख्या जास्त कामाची आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की स्टार्टअप ही आपला धंदा नेमका कसा चालेल याचा शोध घेणारी तात्पुरती संस्था असते. चालू कंपनीला गिऱ्हाईक कोण, माल कोणता, भाव काय हे माहीत असतं. तिला ते फक्त नीट पार पाडायचं असतं. स्टार्टअपला यातलं काहीच पक्कं माहीत नसतं. म्हणून तिचं व्यवस्थापन वेगळं लागतं: कमीत कमी पैशात, कमीत कमी दिवसांत, आपण कुठे चुकतोय हे शोधायचं. ‘लीन’ नावाची पद्धत यातूनच आली. तिची मुळं जपानच्या टोयोटा कारखान्यात आहेत, सॉफ्टवेअरवाल्यांनी २००१ मध्ये ‘अजाइल’ नावानं त्याच अंगाचा आपला जाहीरनामा काढला, आणि पुढे दोन्ही प्रवाह स्टार्टअपच्या जगात एकत्र झाले.

हे कोल्हापूरकराला परकं वाटायचं कारण नाही. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात जा. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग येतं, त्यावरून पॅटर्न होतो, आणि आधी सँपल ओततात. ते मशिनवर चढवतात, मापं घेतात, कुठे ब्लो होल (हवेनं पडलेलं छिद्र) आहे का बघतात, गिऱ्हाईक पास करतं, आणि मगच लॉट सुटतो. ड्रॉइंग सुंदर आहे म्हणून थेट दहा हजार नग ओतणारा फाउंड्रीवाला वर्षभरही टिकणार नाही. शहराच्या कामात मात्र सर्रास तसंच होतं. सल्लागार डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल करतो, एस्टिमेट मंजूर होतं, टेंडर निघतं आणि सगळा लॉट एका दमात ओतला जातो. सँपल नावाची पायरीच मधे नाही.

स्टार्टअपवाले पहिल्यांदा कागदावर आपली गृहीतकं लिहून काढतात. प्रत्येक योजनेच्या पोटात काही ‘असं होईलच’ दडलेली असतात. त्यातलं सगळ्यात धोक्याचं कोणतं, म्हणजे कोणतं खोटं ठरलं तर सगळा डोलारा कोसळेल, ते ओळखायचं आणि त्याचीच परीक्षा आधी घ्यायची. आपल्याकडे याचं इतकं ठळक उदाहरण आहे की बाहेरचं शोधायला नको. शहरातले जवळपास ५० किलोमीटरचे रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीनं खासगी कंपनीकडून करून घ्यायचे आणि खर्च टोलमधून वसूल करायचा, अशी योजना झाली. रस्ता काँक्रीटचा की डांबराचा, रुंदी किती, यावर तपशीलवार कागद झाले. पण सगळा डोलारा उभा होता एकाच गृहीतकावर: आपल्याच गावातल्या रस्त्यावर कोल्हापूरकर टोल देतील. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि त्या गृहीतकाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली, पेठाच्या पेठा, तालमीच्या तालमी उतरल्या, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. टोल न्याय्य होता की नाही हा वाद मी इथे उकरत नाही. मुद्दा एवढाच की सगळ्यात धोक्याचं गृहीतक तपासलं गेलं ते रस्ते झाल्यावर, पैसे गुंतल्यावर. वर्षभर आधी चार पेठांत बसून लोकांना विचारलं असतं, तर कोल्हापूरच्या तोंडून उत्तर तेव्हाही तेच आलं असतं, आणि स्पष्ट शब्दांत आलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एमव्हीपी, ‘मिनिमम व्हाएबल प्रॉडक्ट’. गृहीतक तपासायला पुरेल एवढाच, अगदी किमान चालणारा नमुना. इथे बरेच जण घोटाळा करतात. एमव्हीपी म्हणजे मोठ्या प्रकल्पाचा पहिला टप्पा असं त्यांना वाटतं. शंभर स्मार्ट खांबांपैकी आधी दहा बसवले तर तो टप्पा झाला. एमव्हीपी कदाचित खांबाशिवायच होईल.

पुराचंच घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे पावसाळ्यात शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी कुणीही स्मार्ट उपाय सुचवायला बसला तर म्हणेल: नदीला आणि नाल्यांना सेन्सर लावू, डॅशबोर्ड करू, ॲप काढू. आता गृहीतक शोधा. ॲपवाल्याचं गृहीतक आहे की लोकांकडे माहिती नाही. पण बंधाऱ्याची पातळी तर तासातासाला व्हॉट्सॲपवर फिरत असते. सुतारवाड्यातल्या किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या माणसाला वेगळंच काहीतरी हवं असतं. बंधाऱ्यावर अमुक फूट झाले म्हणजे माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार? आणि ते कळलं तरी तो घर सोडेल का? की चोरीच्या भीतीनं, जनावरांच्या काळजीनं, ‘मागच्या वेळी इथवरच आलं होतं’ या भरवशावर थांबेल?

हे तपासायला सर्व्हर लागत नाही. एका गल्लीतल्या विजेच्या खांबांवर रंगानं खुणा करायच्या: बंधाऱ्यावर इतके फूट असताना पाणी इथे. आकडे गल्लीतलेच जुने लोक सांगतील, भिंतींवरचे डाग सांगतील, इंजिनिअर लेव्हल घेऊन पक्के करेल. पन्नास घरांचे फोन नंबर घ्यायचे, आणि ३९ फुटांच्या आधीच ओळखीच्या माणसाच्या आवाजातला निरोप पाठवायचा. शेजारच्या गल्लीत नेहमीसारखं चालू द्यायचं. मग मोजायचं: कुठल्या गल्लीतलं सामान आधी वर गेलं, कुठली म्हातारी माणसं पाण्याआधी बाहेर पडली. समजा निरोप मिळूनही लोक हलले नाहीत, तर गृहीतक पडलं. मग अडचण माहितीची नाही, निवाऱ्याची किंवा गोठ्याची आहे, आणि पैसे सेन्सरऐवजी तिकडे जायला हवेत. केवढ्याला पडलं हे शिक्षण? रंगाच्या डब्यांएवढ्याला.

ॲपच्या बाबतीत बोस्टनचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथल्या महापौर कार्यालयानं २०१० मध्ये प्रयोग करण्यासाठीच एक छोटा विभाग काढला. त्यांच्या एका ॲपमध्ये गाडीतल्या फोनला बसलेल्या धक्क्यावरून खड्डे ओळखले जायचे. कल्पना झकास. पण स्मार्टफोन आणि गाडी ज्यांच्याकडे जास्त, त्या भागातलेच खड्डे जास्त दिसणार, हा धोका लवकरच लक्षात आला. आपल्याकडेही सधन ताराबाई पार्कचे खड्डे दिसतील आणि झोपडपट्टीतले दिसणार नाहीत.

पुराच्या प्रयोगात एक खोट मात्र आहे, आणि ती स्टार्टअपच्या पुस्तकी पद्धतीत सहसा सांगत नाहीत. ‘बनवा, मोजा, शिका’ हे चक्र जितक्या वेळा फिरेल तितकं शहाणपण वाढतं. ऑनलाइन दुकान ते दिवसाला दहा वेळा फिरवू शकतं. पंचगंगेचा मोठा पूर मात्र काही वर्षांतून एकदा येतो. शहराच्या कित्येक प्रश्नांचं घड्याळ पावसाळ्याचं, नवरात्राचं, शाळेच्या वर्षाचं असतं. म्हणून जे चक्र वर्षातून एकदाच फिरणार, त्याची तयारी जास्त काटेकोर हवी: काय मोजायचं ते मे महिन्यात लिहून ठेवलेलं हवं, ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर आठवून नव्हे.

याउलट रस्ते आणि पार्किंग ही प्रयोगाची खाणच आहे, कारण तिथलं चक्र रोज फिरतं आणि केलेलं उलटवता येतं. न्यूयॉर्कचं उदाहरण जगभर सांगतात, ते योग्यच आहे. २००९ च्या मे महिन्यात त्यांनी टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला. बंद केला म्हणजे पिंपं लावली, आणि पक्की बाकडी यायच्या आत घडीच्या स्वस्त खुर्च्या मांडल्या. मग टॅक्स्यांच्या जीपीएस नोंदींवरून वाहतुकीचा वेग मोजला, पायी चालणाऱ्यांचे अपघात मोजले. अपघातातल्या जखमी पादचाऱ्यांची संख्या ३५ टक्क्यांनी घटली. फेब्रुवारी २०१० मध्ये बदल कायमचा केल्याचं जाहीर झालं, आणि दगडी फरशीचं खर्चिक काम त्यानंतर. आपल्या जवळचं म्हणाल तर पुण्यात ११ डिसेंबर २०२१ पासून दरवर्षी लक्ष्मी रस्त्याचा तुकडा एक दिवस पादचाऱ्यांना दिला जातो. एक दिवस हा प्रयोग म्हणून तोकडाच. त्या दिवशी लोक जत्रेला आल्यासारखे येतात, आणि जत्रेवरून रोजचा बाजार कळत नाही.

अंबाबाईच्या देवळाजवळ महाद्वार रोडला असं काही करायचं झालं तर? पहिली सूचना: नवरात्रात करू नका. गर्दीचे दिवस अपवाद असतात, त्यांच्यावरून काही सिद्ध होत नाही. साध्या आठवड्यांत, सलग महिनाभर, ठरावीक तास, हलवता येणारी बॅरिकेड्स. दुसरी सूचना अवघड आहे. दुकानदार म्हणणार, गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक थांबणार नाही. हा विरोध म्हणजे अडथळा नव्हे, ते तपासता येणारं गृहीतक आहे, आणि कदाचित खरंही असेल. तेव्हा दहा-बारा दुकानदारांना आधीच सामील करून घ्यायचं. गल्ल्याचा आकडा कुणी महापालिकेला सांगणार नाही, ते विसरा. पण दिवसाला किती पावत्या फाडल्या किंवा किती गिऱ्हाइकं दुकानात चढली एवढं मोजायला कॉलेजची मुलं बसवता येतील. तेच मोजमाप त्याच दिवसांत जवळच्या, बंद न केलेल्या रस्त्यावर. फरक दिसला तर त्याला अर्थ. फेरीवाल्यांचं काय होतं, रिक्षा कुठे उभ्या राहतात, गुडघे दुखणाऱ्या आजी देवळापर्यंत कशा पोहोचतात, हेही त्यातच मोजायचं.

मोजमापाबद्दल स्टार्टअपच्या जगात एक नेमका शब्दप्रयोग आहे: ‘व्हॅनिटी मेट्रिक’, म्हणजे मिरवायचा आकडा. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं, किती कॅमेरे बसवले, किती खांब उभे राहिले, निधी किती टक्के वापरला. हे आकडे नेहमी वरच जातात, म्हणून ते कुणालाच काही शिकवत नाहीत. केएमटीची, म्हणजे महापालिकेची बस स्टॉपवर कधी येणार हे दाखवणारा फलक लावला, तर फलकांची संख्या हा मिरवायचा आकडा. स्टॉपवर थांबलेला माणूस कंटाळून वडापच्या (शेअर) रिक्षात बसण्याचं प्रमाण घटलं का, हा कामाचा आकडा. तो खालीही जाऊ शकतो, म्हणून तर कुणाला तो आवडत नाही.

आता जिथे ही पद्धत लावू नये त्याबद्दल. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन घ्या. सुमारे ५३ किलोमीटर, आणि काम सुरू झाल्यापासून शहरात पाणी यायला जवळपास दहा वर्षं लागली. २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं. पाच किलोमीटर पाइप टाकून ‘बघू पाणी येतं का’ असं करता येत नाही. कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं) सांडपाणी केंद्र अर्धं बांधून लोकांचा प्रतिसाद मागता येत नाही. नळाच्या पाण्यात ‘लवकर चुका, स्वस्तात चुका’ हा मंत्र चालवला तर माणसं आजारी पडतील. अशा कामांना जुनीच शिस्त लागते: पक्कं डिझाइन, अनुभवी ठेकेदार, कडक देखरेख. साधी कसोटी म्हणजे, केलेलं आठवड्याभरात उलटवता येतं का? येत असेल तर प्रयोग. नसेल तर फक्त त्या कामाच्या कडेचे भाग, म्हणजे मीटर, बिल, तक्रार नोंदणी, एवढ्यावरच प्रयोग.

(आणि कधी कधी ‘स्मार्ट’ला काहीच लागत नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. ना सर्व्हर, ना लॉगिन, ना वार्षिक देखभाल करार करणारी सॉफ्टवेअर कंपनी.)

आणखी एक मूलभूत फरक. स्टार्टअप आपलं गिऱ्हाईक निवडते. महापालिकेला निवडता येत नाही. ज्याच्याकडे फोन नाही, जो घरफाळा थकवतो, जो प्रत्येक योजनेला विरोध करतो, तोही तिचाच. शिवाय गिऱ्हाईक दुकान सोडून जातं तसा नागरिक गाव सोडून जात नाही. त्यामुळे तो नाराज आहे हे कळायची वाट वेगळी असते: नगरसेवक, मोर्चा, मतपेटी. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढे पाच वर्षं इथला कारभार प्रशासकाकडे होता, म्हणजे यातली एक वाट बंदच होती. त्या काळातल्या कामांत वेग असेल, पण चुकल्याचं सांगणारा माणूस सभागृहात नव्हता. कॅनडातल्या टोरांटोत गूगलच्याच समूहातल्या एका कंपनीनं २०१७ मध्ये सेन्सरांनी भरलेली वसाहत उभारायची घोषणा केली आणि मे २०२० मध्ये माघार घेतली. कारण महामारीतल्या आर्थिक अनिश्चिततेचं दिलं गेलं, पण आमच्या हालचालींची माहिती कुणाच्या मालकीची, हा टोरांटोकरांचा प्रश्न तोवर अडीच वर्षं धुमसत होता. आपल्याकडे चौकाचौकांत कॅमेरे आहेत आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. कुठल्याही प्रयोगाच्या पहिल्या पानावर ही माहिती किती दिवस ठेवणार आणि कोण बघणार, हे लिहिलेलं असायला हवं.

पण समजा सगळं पटलं, आयुक्तही उत्साही आहेत. गाडी अडते ती टेंडरपाशी. बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरसोबतच्या कामाच्या परिमाणांच्या यादीत, खांब किती, केबल किती मीटर हे लिहिता येतं. ‘दोन महिन्यांत काय शिकलो’ हे लिहिता येत नाही. ज्या प्रयोगातून ‘हे करू नका’ असं उत्तर मिळालं, त्याचं बिल ऑडिटरसमोर कसं ठेवायचं? खर्च झाला आणि वस्तू कुठे आहे, हा ऑडिट पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, ठरलेला. कोणता अधिकारी पेन्शनजवळ आल्यावर हा धोका घेईल? वर मार्चएंड. निधी ३१ तारखेच्या आत संपवायचा असेल तर सँपल ओतून थांबायला वेळ कुणाकडे? मला विचाराल तर सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे, तंत्रज्ञानात नाही. गुंतवणूकदार स्टार्टअपला पैसे हप्त्यानं देतो, आणि पुढचा हप्ता मागच्या पुराव्यावर. महापालिकेला हेच करायचं तर मंजुरीच्या ठरावातच तीन ओळी हव्यात: काय तपासतोय, कोणता आकडा आला तर पुढे जाऊ, कोणता आला तर थांबू. ‘थांबू’ ही ओळ आधी मंजूर झाली असेल, तर थांबणं हा गैरव्यवहार न राहता ठरावाची अंमलबजावणी होते. ऑडिटरलाही मग धरायला कागद मिळतो.

राज्यानं अशी एक खिडकी थोडी उघडलेली आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह घेते. त्यात निवडलेल्या चोवीस स्टार्टअपना सरकारी विभागांत आपला उपाय करून दाखवायला मर्यादित रकमेची वर्क ऑर्डर मिळते. सरकारी खरेदीच्या नियमांतही नोंदणीकृत स्टार्टअपला अनामत रक्कम, आधीची उलाढाल, अनुभव यांत सवलतीची तरतूद आहे. सँपल ओतायला एवढं पुरेसं आहे. लॉटचं मात्र कुणी ठरवत नाही. प्रयोग यशस्वी झाला की मोठ्या कामासाठी पुन्हा खुलं टेंडर निघतं, आणि ज्या पोरांनी वर्षभर गल्लीत उभं राहून उपाय घडवला, ती सगळ्यात कमी दराच्या स्पर्धेत बाहेर फेकली जातात. काम ज्याला मिळतं त्यानं ती गल्ली पाहिलेलीही नसते. यावर एक इलाज करता येण्यासारखा आहे: पहिल्या टेंडरमध्येच दुसऱ्या टप्प्याची अट घालायची. सुरुवातीलाच तीन जणांना खुल्या स्पर्धेतून घ्यायचं, तिघांना तीन प्रभाग द्यायचे, सहा महिन्यांनी ठरलेल्या आकड्यावर ज्याचं काम सरस त्याला पूर्वी जाहीर केलेल्या दरानं बाकीचं शहर द्यायचं, आणि तिघेही नापास झाले तर कुणालाच नाही. स्पर्धा राहते आणि पुरावाही हाती येतो. कायदा विभागाला हे बसवायला थोडं डोकं चालवावं लागेल, आणि ते काम पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी हाती घेता येण्याजोगं आहे.